एन्डोराची बाजू

चि. मुक्ता,


‘बिविच्ड’मधली समँथा तुला मुळीच पटलेली दिसत नाही. हातात एवढी जादू असताना नवऱ्याच्या शब्दाखातर भांडी घासत बसते, यात कसला आलाय स्त्रीवाद, असं तू विचारतेस. नव्वदच्या दशकात ही मालिका सोनीवर हिंदीतून लागायची, तेव्हा मलाही त्या नवऱ्याचा, डॅरिनचा संताप यायचा. आजही येतो. पण काळ बघ. अमेरिकेत ती सुरू झाली सप्टेंबर १९६४ मध्ये. आदल्याच वर्षी बेटी फ्रीडन यांचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ आलं होतं. शिकल्यासवरलेल्या, उपनगरातल्या नीटनेटक्या घरात कोंडलेल्या बायकांची घुसमट त्यात होती, आणि समँथाचं घर तशाच उपनगरात आहे. पहिल्या भागात ती जादू सोडायचं कबूल करते. त्याच भागात नवऱ्याची जुनी मैत्रीण तिला जेवायला बोलावून चारचौघांत तिचा पाणउतारा करते, आणि कबुली तिथंच मोडते. पुढे आठ वर्षं हेच चाललं. बंदी टिकत नाही, हे घरोघरी लोक बघत होते.

माझा जीव मात्र तिच्या आईवर, एन्डोरावर. अ‍ॅग्नेस मूरहेड यांनी ती उभी केली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. जावयाचं नाव ही बाई सहसा धड घेत नाही. मुलीनं स्वतःचे पंख आपल्या हातांनी छाटावेत, हे तिला बघवत नाही. मालिका तिला खाष्ट सासू करून हशा मिळवते, पण बरोबर तीच असते गं!

मालिकेच्या पहिल्याच वर्षीचा हॅलोविनचा भाग तू पुन्हा बघ. डॅरिनच्या जाहिरात कंपनीचा एक ग्राहक, गोळ्या-चॉकलेटवाला. त्याला जाहिरातीत कुरूप, थेरडी चेटकीण हवी असते. समँथा आणि तिच्या मावश्या खवळतात, निषेधाचे फलक घेऊन रात्री त्याच्यापुढे उभ्या राहतात. पण मागतात काय? सुंदर चेटकीण! म्हातारीची बाजू कुणीच घेत नाही. हे मला फार लागतं. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलमला चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी दिलेल्या १९ जणांत १४ बायका होत्या. रिबेका नर्स सत्तरी उलटलेल्या, सारा गुड दारोदार मागून खाणारी. आपल्या सातपुड्यात डाकीण ठरवतात त्याही बऱ्याचदा एकट्यादुकट्या, विधवा. त्याच सेलममध्ये २००५ पासून समँथाचा पुतळा आहे, तरुण आणि हसरा.

‘चार्म्ड’ मालिकेतल्या चेटकिणी, त्या हॅलिवेल बहिणी, मलाही आवडतात. त्यांचं बळ एकमेकींत आहे, कुणा नवऱ्याच्या परवानगीत नाही. त्यांच्यावर तू लिहिशीलच. पण त्याही तरुण, देखण्याच. म्हणून सांगते, एन्डोराला तुझ्या लेखात दोन ओळींत उरकू नकोस. तिला पुरती जागा दे, आणि मसुदा झाला की आधी मला पाठव.

तुझी,
मावशी