कुंडीला साजेसे रोप

आमच्या कन्येने 4 वर्षांपूर्वी संगणक क्षेत्रातील नोकरी सोडून मातीकाम आरंभले, तेव्हा घरात बरेच दिवस बोलणे कमी आणि शांतता अधिक होती. 36 वर्षे कर्जप्रस्ताव तपासलेल्या माणसाला अशा व्यवसायाचा ताळेबंद मनात मांडण्याचा मोह आवरत नाही. आकडे आजही फारसे आश्वासक नाहीत. मात्र तिने घडवलेल्या मूठभर आकाराच्या कुंड्यांना साजेशी सक्युलंट, म्हणजे मांसल पानांची रोपे, शोधण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले आणि त्यात मी रमलो.

जोडी जमवताना आधी मुळे पाहावीत, रंग नंतर. हॉवर्थियाची मुळे जाड व खोल जाणारी. तिला थोडी उंच कुंडी मानवते. सेडमची मुळे वरच्यावर पसरतात, त्यांना उथळ भांडे पुरते. हॉवर्थिया कूपेरीच्या पानांची टोके काचेसारखी पारदर्शक असतात. तिच्या मायदेशी, दक्षिण आफ्रिकेत, रोप बरेचसे जमिनीत दडलेले राहते आणि या खिडक्यांतून प्रकाश आत उतरतो. अशा रोपाला चकचकीत निळी झिलई मला भडक वाटते. करडी, खरबरीत कुंडीच शोभते. कन्येचे मत निराळे आहे आणि ग्राहकांचेही. निळ्या कुंड्या आधी संपतात!

सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजलेले स्टोनवेअर पाणी जवळजवळ शोषत नाही. साधी लाल कुंडी अंगातून ओल सोडते, ही सोडत नाही. म्हणून तळाच्या छिद्रावरच रोपाचा जीव. वाळताना व भाजताना मातीबरोबर तेही आकसते, तेव्हा ते ओलेपणीच मोठे पाडावे, हा माझा आग्रह. ही रोपे पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे त्यांची तहान मुळातच थोडी. पुण्याच्या दमट जुलैत मी पंधरा-पंधरा दिवस त्यांना पाणी घालत नाही.

गेल्या लग्नसराईत एका घरातून पाहुण्यांना देण्यासाठी 60 कुंड्यांची मागणी आली. कुंडी 300 रुपये, रोप 50. माती, झिलई आणि भट्टीचे वीजबिल वजा जाता उरलेली रक्कम मी सौभाग्यवतींना वाचून दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, "आणि पुढच्या महिन्यात?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. कन्या बाहेर पुढची भट्टी लावत होती. मी सेडमची पाने भरड वाळूवर मांडायला घेतली; रुजून कुंडीजोगी व्हायला त्यांना काही महिने लागतात.