भाजण्याआधीची माती

मुलांनो, तुमच्या घरी पाण्याचा माठ आहे का? उर्दूत आपण त्याला मटका म्हणतो. आमच्या घरी तो खिडकीजवळ तिवईवर असतो. घरात फ्रिज आला, तरी अम्मीने माठ काढू दिला नाही. रमजान उन्हाळ्यात आला, की इफ्तारच्या वेळी सगळ्यांचे हात आधी माठाकडेच जात. पण हा माठ कोण घडवतो, कसा घडवतो, याचा विचार मी कित्येक वर्षे केला नव्हता. तो विचार मला एका परदेशी कार्यक्रमाने करायला लावला.

इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचे शहर आहे. मातीच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांसाठी ते फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेथे २०१५ साली बीबीसीने दूरदर्शनसाठी एक स्पर्धा सुरू केली. तिचे नाव 'द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन'. फिरत्या चाकावर भांडे उभे करण्याला इंग्रजीत 'थ्रो' म्हणतात, म्हणून हे नाव. १८८८ साली बांधलेल्या मिडलपोर्ट नावाच्या जुन्या कारखान्यात ती भरत असे. पुढे ती दुसऱ्या वाहिनीवर गेली आणि ग्लॅडस्टोन येथील संग्रहालयात भरू लागली. तेथे बाटलीच्या आकाराच्या उंच जुन्या भट्ट्या आहेत.

या स्पर्धेत भाग घेणारे लोक हौशी असतात. कुणी तरुण, कुणी आजी-आजोबांच्या वयाचे. कामे वेगळी, गावे वेगळी. दर भागात त्यांना एक मोठे काम दिले जाते. शिवाय अचानक एखादी परीक्षा असते, किंवा ठरावीक वेळात चाकावर भांडी करण्याची शर्यत असते. प्रत्येक आठवड्याला कुणीतरी घरी जातो. पहिल्या वर्षी मॅथ्यू विल्कॉक हा स्पर्धक जिंकला. मला मात्र जिंकणाऱ्यांपेक्षा एक परीक्षकच जास्त लक्षात राहिला.

त्यांचे नाव कीथ ब्रायमर जोन्स. शरीराने धिप्पाड, पण स्पर्धकाचे काम मनापासून आवडले, की त्यांचे डोळे भरून येतात. सगळ्यांसमोर ते डोळे पुसतात. लहानपणी शाळेत त्यांना वाचन-लेखन अवघड जात असे. अकरा वर्षांचे असताना शिक्षकांनी त्यांच्या हाती मातीचा गोळा दिला. त्यांनी त्याचे घुबड केले आणि पुढे सारे आयुष्य मातीतच घालवले.

ही गोष्ट कळली त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते पुढे सांगतो.

आमचे नांदगाव पेठ अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. शाळेच्या वाटेवर एका कुंभारकाकांचे घर लागते. मी रोज तेथून जात होतो, पण उन्हाळ्यात माठ घेण्यापुरताच थांबत होतो. आणि थांबलो, की दहा-वीस रुपये कमी करा म्हणून घासाघीस करत होतो! एका रविवारी मी मुद्दाम गेलो आणि म्हणालो, "काका, मला एक मडके करून पाहू द्या."

काकांनी आधी माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिले, मग हसून जागा दिली. माती तयार होती. त्यांनी सांगितले, की आपल्या वऱ्हाडातील कपाशीची काळी माती एकटी या कामाला चालत नाही. ती वाळताना आक्रसते आणि तडकते. म्हणून ते तळ्यातला गाळ आणतात. तो चाळतात, भिजवतात, त्यात घोड्याची लीद व राख मिसळतात आणि पायांनी तुडवतात.

चाक फिरू लागले. मी गोळा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो माझ्या हातातून निसटून एका बाजूला गेला. दुसऱ्या वेळी भिंत उभी राहिली आणि लगेच बसली. तिसऱ्या वेळी काका म्हणाले, "जोर नोका लावू सर. हात ओला ठेवा." मी हात ओला केला, तरी मडके वाकडे होऊन कोसळले.

मी ओशाळून म्हणालो, "काका, तुमची माती वाया घालवली."

काकांनी तो चिखल उचलला आणि पुन्हा ढिगाऱ्यात थापला. म्हणाले, "वाया नाही गेली सर. भाजली नाही, तवर माती वाया जात नाही."

मी त्यांना त्या स्पर्धेविषयी सांगितले. ते म्हणाले, "आमची परीक्षा त रोजच असते. गिऱ्हाईक बोटानं वाजवल्याशिवाय माठ घेतच नाही." त्यांचे खरेच होते. हरलेला स्पर्धक आपल्या कामावर परत जातो. काकांचा माठ तडकला, तर त्या दिवसाची मजुरी जाते. त्यांच्यासाठी डोळे पुसणारा कुणी नसतो. मग मी त्यांना भाईंदरच्या ब्रह्मदेव राम पंडितांविषयी सांगितले. कुंभाराच्या घरी जन्मलेल्या या कलावंताला २०१३ साली पद्मश्री मिळाली. काकांनी ते नाव दोनदा उच्चारून घेतले.

आता त्या रात्री झोप का लागली नाही, ते सांगतो. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. एकदा ती उभी राहून म्हणाली, "सर, माझी पुस्तक हरवली." उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून तिने 'माझी' म्हटले. वर्ग हसला. मुलांनो, मीही हसलो. त्या दिवसापासून तिने मराठीच्या तासाला हात वर केला नाही. वहीत मी लाल शाईने खुणा करत राहिलो आणि ती गप्प होत गेली.

काकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. मडके पुरते वाळायच्या आत भट्टीत ठेवले, तर आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ते फुटते. माझे हसणे म्हणजे ओल्या मडक्याला लावलेली आग होती.

मराठीत संत गोरा कुंभारांची एक कथा सांगतात. मराठवाड्यातील तेर गावी संत जमले होते. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके वाजवून पाहिले. नामदेवांना ते सहन झाले नाही, तेव्हा 'हे मडके कच्चे' असा निकाल मिळाला. पण नामदेव तेथेच थांबले नाहीत. त्यांनी गुरू शोधला, शिकले आणि थोर संत झाले. कच्चे म्हणजे वाईट नव्हे. कच्चे म्हणजे अजून घडायचे आहे.

सोमवारी मी वर्गात काकांकडून आणलेला मातीचा गोळा ठेवला. माझी तिन्ही मडकी कशी कोसळली, ते सांगितले. मुले पोट धरून हसली. मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "सर, तुमचा मडका वाकडा झाला का?"

तीच मुलगी होती. वर्ग माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी म्हणालो, "हो बेटी, माझं मडकं वाकडं झालं."

ती क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "मडकं... वाकडं." या वेळी कुणी हसले नाही.

भट्टीत साधारण सहाशे अंशांच्या वर तापली, की माती बदलते. मग ती कितीही भिजवली, तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. मुलांनो, तुमची मराठी अजून ओली आहे. ती चुकली, तर पुन्हा गोळा करा आणि पुन्हा चाकावर ठेवा. आणि शेजारच्याचे मडके कोसळले, तर हसण्याआधी आपले हात एकदा पाहा. ते ओले आहेत ना?