पितळी कडे

कला शाखेच्या वार्षिकात गिअरबॉक्सचे काय काम, असे कोणी विचारील. पण ज्या घरातून मी महाविद्यालयात आलो, त्या घराची चूल गिअरबॉक्सवरच पेटते. सातवी शिकलेले माझे बाबा गेली पंचवीस वर्षे महामार्गालगतच्या गॅरेजात मालमोटारींचे गिअरबॉक्स उघडतात आणि बांधतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच.

आपल्या जिल्ह्याचे या यंत्राशी नातेही आहे. लाखनी तालुक्यातील गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना १९८२ साली सुरू झाला; तेथे गिअरबॉक्स तयार होतात. लेलँड हे मूळचे इंग्लंडमधील एका गावाचे नाव. १९६८ साली तिकडे ब्रिटिश लेलँड कंपनी निघाली आणि ट्रायम्फ, एम. जी. या नामांकित स्पोर्ट्स गाड्या एकाच छत्राखाली आल्या. त्यांतली 'एमजीबी' १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत होती. तिचे शौकीन आजही जुने गिअरबॉक्स उघडून आतले झिजलेले पितळी कडे बदलतात. बाबाही मालमोटारीत तेच करतात.

या कड्याचे काम मोठे गमतीचे आहे. गिअरचे चक्र एका वेगाने फिरत असते आणि ज्या शाफ्टशी ते जोडायचे तो दुसऱ्या वेगाने. तसेच दात भिडवले तर खडखडाट होतो, दात तुटतात. म्हणून मध्ये हे कडे. ते चक्राच्या निमुळत्या पोलादी खांद्यावर घासते, दोघांचा वेग एक करते, मगच दात गुंततात. पितळ मऊ, म्हणून झिजते ते; पोलाद वाचते. कडे आणि चक्र यांच्यातली फट गेजने मोजतात. ती फार कमी झाली, की कडे बदलायचे. भंडारा पितळी भांड्यांचे गाव खरे, पण पितळेचा हा गुण मला गॅरेजात कळला.

हल्ली बाबांना गेजवरचे बारीक आकडे दिसत नाहीत. रविवारी मी ते वाचून दाखवतो. चष्म्याचे नाव काढले, की म्हणतात, "पहिले तुझी फी भरू दे, मग चष्म्याचं पाहू."

घराचा वेग वेगळा, कॉलेजचा वेगळा. घरी आजीला माझी पुस्तकी भाषा परकी वाटते, वर्गात माझ्या बोलीला मुले हसतात. तरी माझे दात शाबूत आहेत, कारण मध्ये कोणीतरी झिजते आहे. गाडीचे कडे दुकानात मिळते. यंदा शिष्यवृत्तीचे पैसे आले, की त्यांना न विचारता मी आधी चष्मा करणार आहे.