वेलांटी आधी, अक्षर नंतर

मी सॉफ्टवेअरवाला आहे, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नाही, हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांगून सांगून दमलोय. आठवडाभर बीकेसीत सर्व्हरची दुखणी काढायची आणि शनिवारी वांद्रे पूर्वेला कुणाचा तरी प्रिंटर. असो. हे प्रकरण मात्र वेगळं होतं, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे एक डीटीपीवाले काका आहेत. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, स्मरणिका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स बंद झाली, तेव्हा त्यांच्या मुलाने हौसेने विंडोज ११ चं नवं मशीन आणलं. आणि वीस-बावीस वर्षं बिनतक्रार चाललेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सुरूच होईना! तुळशीची लग्नं तोंडावर, म्हणजे पत्रिकांचा सीझन. "मशीन बिघडलंय का रे? परत करू का?" काका म्हणाले.

मशीन ठणठणीत होतं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे मेसेज नीट वाचणं. ('चालत नाही' हा मेसेज नव्हे!) इथे सेटअप टाकला की 'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी' यायचं. मुलाने कम्पॅटिबिलिटी मोडचे सगळे पर्याय करून पाहिले होते. पण तो मोड प्रोग्रामला फक्त जुनी विंडोज असल्याचं भासवतो. ६४-बिटी विंडोज १६-बिटी प्रोग्राम चालवतच नाही, आणि विंडोज ११ ची ३२-बिटी आवृत्ती निघालेलीच नाही. काकांचं जुनं मशीन ३२-बिटी विंडोज १० वर होतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

गंमत म्हणजे त्या काळच्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये सेटअप तेवढा १६-बिटी असायचा, आतला प्रोग्राम ३२-बिटी. म्हणून जुन्या हार्ड डिस्कवरून अख्खा फोल्डरच कॉपी केला. प्रोग्राम उघडला! आणि लगेच म्हणाला, लॉक कुठाय? हे लॉक म्हणजे मागे यूएसबीला लावायचं पेनड्राइव्हसारखं ठोकळं. त्याचा ड्रायव्हर ३२-बिटी, आणि ६४-बिटी विंडोजला ड्रायव्हर ६४-बिटीच लागतो. त्या आवृत्तीसाठी नवा निघालेलाच नाही. बोंबला.

मग व्हर्च्युअल मशीन. काकांनी जुन्या विंडोजची सीडी परवान्यासकट जपून ठेवली होती (ही पिढी बिलंसुद्धा फेकत नाही). नव्या मशीनच्या पोटात जुनं मशीन उभं केलं, यूएसबीचं लॉक त्याच्याकडे वळवलं आणि इंटरनेट तोडून टाकलं. इतकी जुनी विंडोज बाहेरच्या जगात सोडायची नसते. रविवारी दुपारी पहिली पत्रिका निघाली.

इथेच संपलं असतं. पण काकांनी एक फाइल दाखवली. सरकारी वसाहतीत राहिलेल्या एका गृहस्थांच्या आठवणी, १४० पानं, काकांनी २००३ साली टाइप केलेल्या. हस्तलिखित पुरात गेलं २००५ च्या २६ जुलैला, गृहस्थ त्यानंतर काही वर्षांनी गेले. आता त्यांच्या मुलीला तो मजकूर फोनवर वाचायला हवा होता. फोनवर फाइल उघडली, तर नुसती टोपीवाली, टिंबवाली इंग्रजी अक्षरं.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, आणि त्याच वर्षी इस्की हे भारतीय मानकही आलं. पण पेजमेकरसारख्या प्रोग्रामांना देवनागरी कळत नव्हती. म्हणून फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं बसवली, प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. फाइलमध्ये मराठी नसतंच, असतात चित्रांचे नंबर. अर्धा 'ग' एक नंबर, त्याचा काना दुसरा. म्हणजे फॉन्ट गेला की भाषाच गेली!

नुसतं कोष्टक लावून भागत नाही. या फाइलमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे, म्हणजे अक्षर आधी. 'स्थिती'तली पहिली वेलांटी अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलटं: 'धर्म'मध्ये तो 'म'च्या नंतर नोंदलेला, त्याला मागे आणायचं. दोन शनिवार-रविवार ह्या उड्यांतच गेले. ऑफिसातल्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा जास्त मजा आली, हे आमच्या मॅनेजरला सांगू नका :)

सगळं मशीनवर सोडता येत नाहीच. ताई आता एकेक पान मूळ छापाशी ताडून वाचताहेत, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधून काकांनी काढून दिलेल्या प्रिंटशी. साठेक पानं झाली. काही ठिकाणी 'पोष्ट' आहे, काही ठिकाणी 'पोस्ट'. एकसारखं करून देऊ का, म्हणून मी विचारलं.

"नको, राहू दे," त्या म्हणाल्या. "बाबा दोन्ही म्हणायचे."