हाताखाली माणूस नसताना नेतृत्व

मोबाइलवरचे एखादे अॅप साध्या माणसाला वापरता येते का, कुठे अडते, का अडते, हे त्याच्या शेजारी बसून पाहणे ही माझी नोकरी. तिला यूजर एक्सपीरिअन्स रिसर्चर म्हणतात. पुण्यात अकरा वर्षे मी हे काम करते आहे. आपल्या घरांतली काही मुले-मुली आता या कामात आली आहेत. वरच्या जागेच्या मुलाखतीत ती एका प्रश्नापाशी अडखळतात, म्हणून हे चार शब्द.

प्रश्न असा असतो : "तुम्ही नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग सांगा."

नेतृत्व म्हटले की आपल्याला मुकादम आठवतो, नाहीतर साहेब. माझी आई महापालिकेच्या सफाई खात्यात होती. माझी बढतीची मुलाखत आहे हे ऐकून तिने विचारले, "तुझ्या हाताखाली माणसं किती?"

"एकही नाही."

"मग तुझं ऐकतं कोण गं?"

मुलाखत घेणाऱ्यांनाही नेमके हेच हवे असते. रिसर्चर कुणाला हुकूम देऊ शकत नाही. प्रोग्रॅमर त्याच्या हाताखाली नसतो, डिझायनर नसतो. त्याचा अहवाल कुणी वाचलाच नाही तर सगळी मेहनत वाया. तेव्हा आपल्यामुळे दुसऱ्याचा कोणता निर्णय बदलला, हे सांगणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर.

मी सांगितलेला प्रसंग असा. पैसे पाठवायचे एक अॅप होते. घरकाम करणाऱ्या बायका शेवटच्या बटणापाशी येऊन फोन खाली ठेवत. ऑफिसात मत असे, की बायकांना समजत नाही, शिकवणारा व्हिडिओ टाकू. मी मॅनेजरला आणि एका प्रोग्रॅमरला हडपसरला एका ताईंच्या घरी नेले. अट एकच, मधे बोलायचे नाही. ताई म्हणाल्या, "पैसे कुणाला चाललेत ते नाव दिसत नाही. चुकून दुसऱ्याला गेले तर महिना कसा काढायचा?" त्यांना सगळे समजत होते! पुढे शेवटच्या पडद्यावर घेणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात आले आणि व्हिडिओचा विषय मिटला. हुकूम मी दिला नव्हता. कुणाला कुठे नेऊन बसवायचे, ते मात्र मी ठरवले होते.

आता अडचणीची गोष्ट. 'मी केले' असे म्हणणे आपल्या घरांत बरे दिसत नाही. सगळे मिळून केले, असे म्हणायची सवय. आता मीही कधी कधी मुलाखत घेणाऱ्यांत बसते. पाच वर्षे राबलेली मुलगी अर्धा तास 'आम्ही' म्हणत राहते आणि समोरचा कागदावर लिहितो, हिचा वाटा कळला नाही. तिच्या मागून आलेला, कमी काम केलेला, 'मी, मी' करून जागा घेऊन जातो. पगारात मोठा फरक पडतो. मला हे न्यायाचे वाटत नाही. मी मुद्दाम विचारते, "यातले तुमच्या हातचे काय?" पण सगळेच विचारत नाहीत. चाचणीची आखणी माझी, पडदा डिझायनरने बदलला, असे वेगवेगळे सांगावे. ती बढाई नव्हे, हिशेब आहे.

उत्तराची एक ठरलेली रीत आहे, तिला 'स्टार' म्हणतात : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पुष्कळ जण परिस्थिती सांगण्यातच वेळ घालवतात. जास्त वेळ कृतीला द्यावा.

मतभेदाचा प्रश्नही येतोच. अॅमेझॉनने आपली नेतृत्वाची तत्त्वे जाहीर केली आहेत. 2021 मध्ये दोन नवी घातल्यावर ती 16 झाली. त्यांत एक असे, की पटले नाही तर स्पष्ट बोला, पण निर्णय झाल्यावर मनापासून साथ द्या. साहेबापुढे गप्प बसणे हा शहाणपणा म्हणून शिकलेल्या मुलांना याचा पहिला अर्धा भाग जड जातो. त्यांनी पुरावा पुढे करावा, आवाज चढवायची गरज नसते. जुन्या कंपनीची गुपिते आणि चाचणीला बसलेल्यांची नावे मात्र सांगू नयेत.

इंग्रजीची धास्ती घेऊ नये. मुलाखतीआधी मी चार-पाच प्रसंग वहीत मराठीतच लिहून काढते. त्यात 'मी' कुठे येतो त्याखाली रेघ मारते, आणि मग ते इंग्रजीत मोठ्याने म्हणून पाहते.