कळा कोण लावतं?

"मॅडम, तारीख तर परवाच गेली. एरंडेल देऊ का हिला? आमच्या आईनं मला दिलं होतं, दुसऱ्याच दिवशी मोकळी झाले मी."

तपासणीच्या टेबलाशेजारी उभं राहून मावशींनी हे विचारलं, तेव्हा त्यांची लेक छताकडे बघत पडली होती. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. घरी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनानं गोल केलेली तारीख आणि सासरहून दिवसातून चार वेळा येणारा एकच फोन: काही झालं का? प्रसूतीच्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी एरंडेल असतं, कधी खजूर, कधी तूप घातलेलं ऊन दूध, कधी उकिडवं बसून फरशी पुसणं. अलीकडच्या मुली मोबाइलवर वाचून अननस आणि जिने चढणं त्यात घालतात. बहुतेक घरांत हे सगळं आधीच करून झालेलं असतं आणि डॉक्टरला सांगायचं नाही, असंही ठरलेलं असतं. मावशींनी देण्याआधी विचारलं, याचं मला फार बरं वाटलं.

आपल्याकडे गर्भारपणाचा हिशेब 'नऊ महिने नऊ दिवस' असा बोलला जातो. दवाखान्यातला हिशेब जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं चालतो: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. म्हणजे २८० दिवस. आजीचा आणि नेगेलेंचा हिशेब इतका जवळचा आहे. पण दोन्ही अंदाजच. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ पर्यंत बाळ कधीही येऊ शकतं आणि पहिलटकरणीचे दिवस थोडे वर जाणं अगदी नेहमीचं. त्यातही गौरी उठल्या तेव्हा पाळी आली होती, अशा खुणेवर तारीख काढलेली असेल, तर आठ-दहा दिवसांची चूक सहज होते. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवायला आम्ही सांगतो. 'दिवस वर गेले' म्हणणाऱ्या कितीतरी बायकांचे दिवस मुळात भरलेलेच नसतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं ३७ आणि ३८ व्या आठवड्याला 'पूर्ण दिवस' म्हणणं सोडलं. ३९ पूर्ण झाल्यावरच ते नाव द्यायचं ठरलं. त्याआधी घाई केली, तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो.

घरगुती उपायांची गोष्ट आपल्या मातीत सुरू करायची, तर ती एका फुलापासून करावी लागेल. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणाकुंपणांवर एक वेल चढते. पानांची टोकं ताण्यासारखी वळलेली, पाकळ्या वर उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि शेंड्याला लाल, जणू पेटती ज्योत. तिचं संस्कृत नाव लांगली, एक नाव अग्निशिखा आणि मराठी नाव कळलावी. कळा लावणारी. दिवस भरलेल्या बाईच्या तळपायाला आणि ओटीपोटावर तिच्या कंदाचा लेप द्यायचा आणि बाळ बाहेर येताच तो धुऊन टाकायचा, अशी सुइणींची रीत होती. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही लांगलीचा उल्लेख प्रसूतीच्या संदर्भात येतो आणि तिची गणना उपविषांत होते. तो धाक योग्यच आहे. या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. संधिवाताच्या एका प्रकारावर ते औषध म्हणून वापरतात, पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडं अंतर आहे. कंद पोटात गेला, तर आधी उलट्या-जुलाब होतात, मग रक्त तयार होणं थांबतं, मूत्रपिंडं आणि हृदय खचत जातं. खाण्याचा कंद समजून कळलावी खाल्ल्यानं माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. तिच्या नावाला भुलून कुणी तो उगाळून पाजण्याचा विचारही करू नये.

आघाड्याचं मूळ कमरेला बांधण्याची चाल त्या मानानं निरुपद्रवी. बांधून धीर येत असेल, तर मी ते सोडायला लावत नाही.

पण या विषयावरचा सगळ्यात हृद्य वाद मला चरकसंहितेत सापडला. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रसंग असा आहे: आवी, म्हणजे कळा, सुरू झाल्या आहेत, बाई शिणली आहे, पण बाळ येत नाही. काही जण म्हणतात, तिला उठवा, हातात मुसळ द्या आणि धान्यानं भरलेलं उखळ कांडायला लावा. संहितेतले गुरू आत्रेय ठाम नकार देतात. गर्भिणीनं कष्टाचा व्यायाम करू नये असं आपण एरवी सांगतो, मग ऐन प्रसूतीच्या नाजूक वेळी तिला मुसळ कसं उचलायला लावायचं, असं त्यांचं म्हणणं. जीवावर बेतेल, असंही ते बजावतात. मात्र जांभया देणं आणि हळूहळू फिरणं याला त्यांची ना नाही. फरशी पुसून पुसून गळून गेलेली, पायांना गोळे आलेली एखादी मुलगी रात्री दाखल होते, तेव्हा मला हे मुसळ आठवतं. बाळंतपणाला ताकद लागते आणि ती आदल्या दिवशी संपवून चालत नाही. चालणं चांगलंच. पण त्यानं कळा सुरू होतील म्हणून नव्हे, तर अंग मोकळं राहतं आणि रात्री झोप लागते म्हणून.

आता एरंडेल. मावशींचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही, कारण त्यामागे खरं रसायन आहे. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्यात सुटं होतं. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांसाठी आतड्याच्या स्नायूंवर जी एक कडी असते, त्याच कडीला ते जाऊन लागतं. तशीच कडी गर्भाशयाच्या स्नायूवरही असते. २०१२ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवलं: ज्यांच्यात ती कडीच नव्हती, त्या उंदरांवर एरंडेलाचा परिणाम झाला नाही. म्हणजे जुलाब आणि गर्भाशयाचं आकुंचन या दोन्हींची किल्ली एकच. अडचणही तिथेच आहे. आकुंचन येईल की नाही याची खात्री नाही, मळमळ आणि जुलाब मात्र येतातच. २३३ स्त्रियांवरच्या तीन चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा एरंडेल घेतलेल्या प्रत्येकीला मळमळ झाली होती. रात्रभर जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलेली बाई सकाळी कळांना कशी तोंड देणार? आणि आधी सिझेरियन झालेलं असेल, तर गर्भाशयावरचा जुना टाका जोराच्या आकुंचनानं फाटू शकतो. एरंडेल घेतल्यानंतर असं घडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. त्यामुळे आजीचं एरंडेल नातीच्या पोटाला सोसेलच, असं धरून चालू नये.

खजुराबद्दल माझं मत वेगळं आहे. मुस्लिम घरांत बाळंतिणीला खजूर देण्याला मोठा मान आहे. कुराणात मरियमला कळा सुरू झाल्या तेव्हा ती खजुराच्या झाडाखाली होती आणि झाड हलवून पडलेली फळं तिनं खावीत असं सांगितलं गेलं. २०११ मध्ये जॉर्डनमधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. ६९ गर्भवतींनी तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, ४५ जणींनी खाल्ले नाहीत. खाणाऱ्यांपैकी ९६ टक्क्यांना कळा आपोआप सुरू झाल्या, न खाणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांना. दाखल होताना गर्भाशयाचं तोंडही खाणाऱ्यांचं जास्त उघडलेलं होतं. संख्या लहान, आणि कुणी खायचे ते चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. पण साखरेचा त्रास नसेल, तर शेवटच्या महिन्यात रोज सहा खजूर खाणाऱ्या मुलीला मी आनंदानं खाऊ देते.

अननसाचं तसं काही नाही. त्यातलं पाचक द्रव्य गर्भाशयापर्यंत परिणाम करण्याइतकं पोचतच नाही. पपईबाबत मात्र आपल्या आज्यांची भीती अर्धी खरी ठरली. सिंगापूरमधल्या संशोधनात पिकलेल्या पपईनं उंदरांना काही झालं नाही, पण कच्च्या पपईच्या चिकानं गर्भाशय आकसलं.

एक उपाय कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण नवरा-बायको दोघंही दबक्या आवाजात विचारतात: शेवटच्या दिवसांत जवळ आलं तर कळा येतात का? कल्पना निराधार नाही. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतात. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३० च्या दशकात हे नाव दिलं तेच मुळी प्रोस्टेट ग्रंथीवरून. पण मलेशियात गर्भवतींना असा सल्ला देऊन केलेल्या चाचणीत कळा लवकर सुरू झाल्या नाहीत. पाणी गेलेलं नसेल, रक्तस्राव नसेल, वार खाली नसेल, तर हरकतही नाही. स्तनाग्रं चोळण्याचा उपाय जास्त गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यानं शरीरात कळा आणणारं ऑक्सिटोसिन खरोखर वाढतं. सहा चाचण्यांतल्या ७१९ स्त्रियांत, तीन दिवसांनंतरही कळा न आलेल्यांचं प्रमाण हा उपाय करणाऱ्यांत सुमारे ६३ टक्के होतं, न करणाऱ्यांत ९४. पण गर्भाशयाचं तोंड आधीच मऊ झालेलं असेल तेव्हाच. शिवाय आकुंचन लांबलं, तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो. ज्यांचं गर्भारपण जोखमीचं आहे, त्यांनी हे घरी मुळीच करू नये.

तोंड आधीच मऊ झालेलं असण्याची अट प्रत्येक उपायाला लागू आहे. १९६४ मध्ये एडवर्ड बिशप यांनी गर्भाशयाचं तोंड किती मऊ, किती आखूड, किती उघडं आणि बाळाचं डोकं किती खाली, यांना गुण द्यायची पद्धत मांडली. गुण चांगले असतील, तर कळा दारातच उभ्या असतात. मग आदल्या रात्री जे घेतलं, त्याला श्रेय मिळतं. गुण कमी असतील, तर घरातल्या उपायांनी काही होत नाही.

मग कळा लावतं कोण? याचं पहिलं चांगलं उत्तर न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांनी दिलं. ऑकलंडचे डॉक्टर मॉन्ट लिगिन्स यांनी पोटातल्या कोकराची पीयूषिका ग्रंथी निकामी केली, तेव्हा मेंढीचे दिवस उलटून गेले तरी ती विईना. उलट कोकराला कॉर्टिसोलसारखं द्रव्य दिलं, तर ती वेळेआधीच व्यायली. मेंढीत तरी निरोप आईचा नव्हता, पोटातल्या पिलाचा होता. त्यातलं एक फार लवकर जन्मलेलं कोकरू मरायला हवं होतं, पण ते श्वास घेत होतं. त्या धाग्यावरून लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर चाचणी करून १९७२ मध्ये दाखवलं, की अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं सावरतात. आज आपल्या जिल्हा रुग्णालयातही ते इंजेक्शन देतात. माणसात गुंता जास्त आहे. बाळ, वार आणि आई तिघांचा त्यात हात असतो. पण बाळाची तयारी हा त्यातला मोठा भाग, आणि काढ्यानं ती तयारी होत नाही.

याचा अर्थ कितीही दिवस थांबावं असा नाही. वार थकत जाते, पाणी कमी होतं, बाळ पोटातच शी करतं. स्वीडनमध्ये २,७६० स्त्रियांच्या चाचणीत अर्ध्याजणींना ४१ आठवड्यांना कळा आणल्या, बाकीच्यांना ४२ पर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, तेव्हा चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ पूर्ण झाल्यावर कळा आणायला सांगते. त्यासाठी दवाखान्यात जेल आहे, गर्भाशयाच्या तोंडात घालायचा फुगा आहे, मिसोप्रोस्टॉलची गोळी आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा रुग्णालयात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर फुगा आणि गोळी यांची तुलना झाली. गोळीनं ५७ टक्के जणी २४ तासांत नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या, फुग्यानं ४७ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला. ही गोळी २५ मायक्रोग्रॅम इतकी कणभर, दर दोन तासांनी, बाळाचे ठोके ऐकत द्यायची असते. दुकानातून आणून घरी घ्यायची ही वस्तू नव्हे. घरी येऊन 'कळांची सुई' टोचणाऱ्याला तर दारातच अडवावं.

मावशींना मी एरंडेल नको म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "मग मी करू तरी काय? नुसती बघत बसू?" लेकीसाठी काहीतरी करावं ही ओढ किती खरी असते, ते त्या आवाजात होतं. मी त्यांना एक काम दिलं. दुपारच्या जेवणानंतर लेकीला डाव्या कुशीवर निजवायचं, घड्याळ बघायचं आणि बाळ हललं, की एक रेघ मारायची. दोन तासांत दहा रेघा झाल्या की काम संपलं. नाही झाल्या, किंवा पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून निघायचं. आणि उद्या काही पाजलंच, तरी लपवायचं नाही.

चार दिवसांनी दुपारी साडेतीनला त्या आल्या. हातात कालनिर्णयाचं फाडलेलं पान. मागच्या कोऱ्या जागेत रोजच्या रेघा: दहा, दहा, दहा आणि त्या दिवशीच्या चारच. मशीन लावलं, तर आकुंचन येताच बाळाचे ठोके खाली जात होते. तासाभरात सिझेरियन करून मुलगी बाहेर काढली. पाणी हिरवं झालेलं होतं. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग रडली.

ते पान मावशी न्यायला विसरल्या. मी ते केसपेपरला टाचून ठेवलं आहे.