बुडालेली जमीन आणि ‘तोच मी’

सुख-दुःख ही आत्म्याची खूण आहे, असे न्यायदर्शन मानते. गौतमाच्या न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे सांगितली आहेत. वात्स्यायनाच्या भाष्यातील युक्तिवाद असा: पूर्वी सुख दिलेली वस्तू पुन्हा दिसली की हवीशी वाटते. तेव्हाचा भोगणारा आणि आताचा पाहणारा एकच असल्याशिवाय हे घडणार नाही, कारण एकाचा अनुभव दुसऱ्याला आठवत नाही. बौद्धांना असा टिकाऊ ज्ञाता मान्य नाही. त्यांच्या मते विज्ञानाचे, म्हणजे जाणिवेचे, क्षण एकामागून एक येतात आणि मागच्याचा संस्कार पुढच्यात उतरतो. १७३९ मध्ये तत्त्वज्ञ ह्यूमनेही लिहिले, की आत डोकावल्यावर सुटे अनुभवच हाती लागतात.

या वादाची कसोटी प्रस्तुत लेखकाला मुळशी तालुक्यात, कासारसाईच्या धरणावर दिसली. सुटीला हिंजवडीकडून आलेली मंडळी पाणी आणि डोंगर पाहत होती. शेजारी उभा असलेला, जमीन धरणात गेलेला म्हातारा शेतकरी त्याच पाण्याकडे बोट करून बांध, विहीर आणि विहिरीकडची वाट दाखवत होता. ‘दाखवत होता’ हेच क्रियापद योग्य. नुसती आठवण सांगणाऱ्याचे बोट असे नेमके फिरत नाही. नव्यन्यायात याला ज्ञानलक्षण प्रत्यक्ष म्हणतात: दुरून दिसलेले चंदन सुगंधीच दिसते, कारण पूर्वीचे ज्ञान आताच्या पाहण्यात मिसळलेले असते. तेवढ्यात कुणीतरी त्याला विचारले, “पण पैसे मिळाले ना?” तो गप्प झाला. हा प्रश्न क्रूर आहे. पैसे जमिनीचे मिळतात; ती जमीन पाहत, कसत जो माणूस घडला त्याचा हिशेब त्यात नसतो. १९२१ मध्ये धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून झालेल्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर उभे राहिलेले मावळे याच तालुक्यातले होते, तरीही हा प्रश्न इथेच विचारला जातो.

इथवर नैयायिकांची बाजू निर्विवाद वाटते. ती डळमळते म्हाताऱ्याच्या मुलापाशी. तो धरण झाल्यानंतर जन्मलेला, त्याने ते शेत कधी पाहिलेले नाही. तरी पाण्याकडे बघताना त्याचा आवाज बापासारखाच जड झाला. एकाचा अनुभव दुसऱ्याला आठवत नसेल, तर हे दुःख कुणाचे? नैयायिक म्हणेल, मुलाला शेत शब्दप्रमाणाने, म्हणजे बापाच्या सांगण्यातून, कळले. त्याच्या दुःखाचा विषय शेत नसून बापाची वेदना आहे. संस्कार क्षणांतून वाहतो असे मानणाऱ्या बौद्धालाही इथे अडचण आहे, कारण त्याची विज्ञानधाराही एका व्यक्तीपुरतीच. मुलाच्या दुःखाला उसने म्हणणे मात्र अन्यायाचे होईल.

दोघांतला फरक उन्हाळ्यात उघड होतो. पाणी मागे सरून काठची जमीन उघडी पडली, की बाप ‘हाच तो बांध’ असे ओळखतो आणि मुलाने चुकीची जागा दाखवली तर दुरुस्त करतो. ही प्रत्यभिज्ञा, ती मुलाला शक्य नाही. पण बापाबरोबर एकदा तो बांध पाहिल्यावर पुढच्या उन्हाळ्यात तो मुलालाही ओळखता येतो.